पंख्याच्या पाटीखालची सुरमई

खारेपाटणचे इस्माईलचाचा नसते तर माझं लग्न झालं नसतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत वाचताना तुमचं सगळं लक्ष माझ्या मूर्खपणाकडे जाईल आणि चाचा बाजूला राहतील. (माझ्या मूर्खपणाला ती सवयच आहे. कुठेही गेलो तरी तो माझ्या पुढे दोन पावलं असतो.)

चाचा आमच्या यार्डात स्टोअरकीपर होते. यार्ड आखातातल्या एका बंदराजवळ. तिथे माणूस उभा मावेल एवढाले पाइप जोडतात. मी तिथे हेल्पर. हेल्पर म्हणजे ज्याला काहीच येत नाही म्हणून सगळंच करावं लागतं, तो. आठवीत मी शाळा सोडली. (हे माझं म्हणणं. शाळेचं म्हणणं थोडं वेगळं आहे.) घर मालवणच्या किनाऱ्यावर. वडील होडीवर जायचे. ते वारल्यापासून आई मालवणच्या बाजारात मासे विकते. थोडक्यात काय, मला वाचता जेमतेम येतं, पण मासा मी डोळे मिटून ओळखतो. आखातात नेमकं उलट लागतं.

स्वभावानं मी घाबरट. विमानात पहिल्यांदा बसलो तेव्हा पट्टा सुटू नये म्हणून चार तास एका हातानं धरून ठेवला होता. असल्या माणसाचं लग्न ठरलं. मुलगी देवगडकडची, शुभांगी. मी सुट्टीवर आलो असताना साखरपुडा झाला, लग्न मे महिन्यातलं धरलं आणि मी परत आलो. साखरपुड्याच्या दिवशी ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "थंय तुमका जेवक कोण करता?" आखातातून आलेल्या माणसाला लोक काय काय विचारतात ते मला पाठ आहे. हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी पुढचे सहा महिने पाइप घासले.

आता सुरमईकडे येतो.

तिथल्या मासळीबाजारात थंडीच्या दिवसांत सुरमई इतकी स्वस्त होते की बघून माझा जीव तुटायचा. एका शुक्रवारी मी चार घेतल्या. चांगल्या हातभर लांब. खोलीत आठ माणसं आणि एक फ्रिज, म्हणजे ताजी ठेवायची सोय नाही. मग होडीवाल्याच्या पोरानं जे करायचं तेच मी केलं. चिरल्या, खडे मीठ चोळलं, एक दिवस दाबून ठेवल्या आणि सुकवायला जागा शोधू लागलो.

आणि जागा काय मिळाली म्हणता! यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात, रंगाच्या शेडपलीकडे, एक मोकळा चौकोन होता. चारी बाजूंनी खांब, आणि खांबाखांबातून छान ताणलेली नायलॉनची दोरी. ऊन सकाळपासून. मांजर नाही, कावळा नाही, माणूससुद्धा नाही. आमच्याकडे दोन माडांमध्ये दोरी ताणलेली दिसली आणि तिच्यावर काहीच वाळत नसलं, तर बघणाऱ्याला त्या घराची काळजी वाटते. मलाही यार्डाची वाटली.

खांबावर एक पाटी होती. पिवळी, आणि तिच्यावर काळा तीन पात्यांचा पंखा. खाली इंग्रजीत आणि अरबीत काहीतरी लिहिलेलं. इंग्रजी मला येत नव्हतं, आणि मला अरबी येत नाही हे तिथल्या अरबांनाही एव्हाना कळलं होतं. पण पंखा मी ओळखतो. मी मनाशी अर्थ लावला, की इथे वारा आहे.

वारा होताही. तीच तर पंचाईत झाली.

तीन दिवसांत सुरमई अशी वाळली की ठोकली तर वाजेल. (शेजारच्या रंगाच्या वासात माशाचा वास कुणाला आला नाही. की माशाच्या वासात रंगाचा, ते मी सांगू शकत नाही.) एक आम्ही खोलीत खाल्ली. उरलेल्या तीन, मालवणचा एक ओळखीचा सुट्टीवर निघाला होता, त्याच्याबरोबर आईला पाठवल्या. पोचल्याचा फोन केला तेव्हा आई म्हणाली, "मालवणात मासे धाडणारो तू पयलोच रे." पण आवाजावरून कळत होतं की निम्म्या बाजाराला दाखवून झालंय.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळच्या सेफ्टीच्या सभेत आमचा साहेब ती पिवळी पाटी हातात घेऊन उभा राहिला.

दुसऱ्या कुठल्यातरी यार्डात काहीतरी घोटाळा झाला होता. पाइपाचा सांधा नीट जुळलाय की नाही बघायला हाडाचा फोटो काढतात तसा सांध्याचा फोटो काढतात. त्या यंत्रात किरणं सोडणारी एक बारीकशी गोळी असते. ती त्या लोकांना काही तास सापडतच नव्हती. मग सापडली. पण तोवर बंदरभर बोंब झाली होती, आणि आता सगळ्या यार्डांत सगळ्यांना पाटी ओळखायला शिकवा असा हुकूम आला होता. साहेबानं हिंदीत सांगितलं, "ये पंखा नहीं है." (हे तो सगळ्यांना बघून म्हणाला. मला वाटलं मलाच बघून म्हणाला.) किरणं दिसत नाहीत, वास येत नाही, अंगाला लागली तरी कळत नाहीत. आपल्याकडे ते यंत्र संध्याकाळीच चालतं, तरी जिथे ही पाटी असेल तिथे दिवसाही दोरीच्या आत पाय टाकायचा नाही. मग त्यानं विचारलं, कुणी आत गेलं होतं का?

दोनशे माणसांतून एकही हात वर आला नाही. माझे दोन्ही मी खिशात घातले होते. 

सभा सुटल्यावर मी धावत स्टोअरमध्ये गेलो. चाचा बोल्ट मोजत होते. मी सगळं सांगितलं. दोरी, सुरमई, खोलीतली आठ माणसं, आई, सगळं. चाचांनी मोजणं थांबवलं नाही.

"सदो, लुंगी धुतंस मा?"

"धुतंय."

"दिवसभर उनात घालतंस. मगे काळोखात ती उजेड देता काय?"

"नाय."

"मगे मासोय देवचो नाय. किरणां लागली तरी ती आत ऱ्हवनत नाय. जा, कामाक लाग."

संपलं. एवढाच सल्ला. वीस वर्षं त्या यार्डात काढलेला माणूस, ज्याच्या स्टोअरात ते यंत्र कुलपात असतं, तो सांगतोय. शहाण्या माणसानं चहा पिऊन कामाला लागावं. पण मला वाटलं, एवढा मोठा आजार आणि चार वाक्यांत सल्ला? यांनी नीट विचार केलेला दिसत नाही. म्हणून मी खोलीतल्या बाकीच्यांना विचारायला गेलो.

इथे माझ्या बुद्धीची दृष्ट काढावी.

आमच्या खोलीत केरळचा थॉमस होता, वेल्डर. तो म्हणाला, दूध पी, दूध सगळं विष धुऊन काढतं. वरच्या खाटेवरचा बिहारचा रामनरेश म्हणाला, दूध अजिबात नको, दुधानं ते हाडात जाऊन बसतं, पाणी पी. थॉमस म्हणाला, पाण्यानं ते अंगभर पसरतं. रामनरेश म्हणाला, मीठ खा, पाकिटातलं, आयोडीनवालं. थॉमस म्हणाला, मीठ खाल्लंस तर पाणी प्यावं लागेल, आणि पाणी तर प्यायचं नाही. दिवसातून तीनदा आंघोळ कर, म्हणाला एक जण. दुसरा म्हणाला, आंघोळीनं अंगाची भोकं उघडतात. मग रामनरेशनं माझ्या डोक्याकडे बारकाईनं बघितलं आणि हळूच म्हणाला, "भाई, सबसे पहले बाल जाते हैं."

मी केसातून हात फिरवला. हातात दोन केस आले. (रोजच येतात. पण रोज कोण मोजतो?)

"सगळं जाण्यापेक्षा आधीच काढलेलं बरं," थॉमस म्हणाला. "मग गळतायत की नाही ही काळजी राहत नाही." हे मला इतकं पटलं की त्याच संध्याकाळी मी गुळगुळीत डोक्यानं खोलीत आलो. आणि तेव्हा, मी खाटेवर बसल्यावर, रामनरेशनं शेवटचं ठेवणीतलं काढलं. ज्याला किरणं लागतात त्याला म्हणे मूलबाळ होत नाही.

त्या दिवसापासून मी सगळ्यांचे सगळे सल्ले पाळायला लागलो. एकाचा पाळावा आणि दुसऱ्याचा खरा निघावा, असं नको. सकाळी पेलाभर दूध. ते हाडात बसू नये म्हणून त्यावर पाणी. पाण्यानं पसरू नये म्हणून लगेच मिठाची चिमूट. एक दिवस आंघोळ तीनदा, एक दिवस अजिबात नाही. त्यात लहानपणापासून आईनं डोक्यात घातलेलं, की माशावर दूध प्यालं तर अंगावर पांढरे डाग उठतात. आता मासा तर पोटात गेलेला, तीन आठवड्यांपूर्वी का होईना. मी रोज आरशात दोन गोष्टी बघायचो. गळायला केस उरलेत का आणि डाग उठलेत का. खोलीतल्या बाकीच्या सातांनी तोच मासा खाल्ला होता. ते ढेकर देऊन झोपायचे.

चौथ्या दिवशी मला धीर धरवेना. आईला फोन केला. आमच्या घरी फोन नव्हता. घरापुढच्या दुकानात होता. दुकानदार आईला हाक मारायचा आणि मग तो, गिऱ्हाईकं आणि बाकावर बसलेली माणसं मिळून आमचं खासगी बोलणं ऐकायची.

"आई, तो मासो खाव नको."

"खाल्लो मरे. मीठ कमी घातलंस."

"सगळो?"

"सगळो कसो? दोन अख्ख्ये तुझ्या सासुरवाडीक धाडलंय. म्हटलंय, जावय धाडता, बघा तरी."



"आई, तेंका सांग, खाव नकात."

"कित्याक?"

आता दुकानात काय सांगणार? "तेका... ऊन जास्ती लागलां."

"मासो उनातच सुकता रे. चांदण्यात सुकता काय?"

"तसां न्हय. तां ऊन येगळां. यंत्राचां."

 मग आईनं आवाज खाली आणला. (म्हणजे दुकानातल्या लोकांनी कान पुढे आणले.) "सदा, तुका नाय मा लागला?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण आईपुढे मला ते कधी जमलं नाही. "थोडांसां," म्हटलं.

त्यानंतरचं मला पुढच्या फोनवर तुकड्यातुकड्यानं कळलं. दुकानातून निघताना बातमी अशी होती, की सदोला यंत्राचं ऊन लागलंय. देवळापर्यंत गेली तेव्हा मला करंट लागला होता. बाजारात आईच्या शेजारणीपर्यंत पोचली तेव्हा गॅस झाला होता, आणि देवगडला पोचली तोवर आमच्या यार्डात बॉम्ब फुटून फक्त मी वाचलो होतो, तोही अर्धवट.

शुभांगीच्या घरी त्या दोन सुरमयांचं काय करावं यावरून आमच्या खोलीसारखंच सुरू झालं. एक म्हणाला, पुरा. दुसरा म्हणाला, पुरला तर विहिरीत उतरेल. समुद्रात टाका. समुद्रात टाकला तर दुसरे मासे खातील आणि तेच उद्या आपल्या ताटात येतील. जाळा. जाळला तर धूर होईल आणि धूर घरात येईल. शेवटी घरापासून लांब, फणसाच्या फांदीला पिशवीत घालून टांगून ठेवला. त्याआधी खात्री करावी म्हणून कुणीतरी एक तुकडा मांजराला घातला. मांजरानं वास घेतला, पाठ फिरवली आणि निघून गेलं.

कोकणातलं मांजर, आणि त्यानं सुरमई सोडली! मग कुणाची शंका उरते?

आईनं हे सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, "शुभांगीचो बापूस इल्लो. म्हणता, लग्नाचां मगे बघूया."

हे ऐकल्यावर मी दूध, पाणी आणि मीठ तिन्ही बंद केलं. किरणांची भीती ही अंगाची भीती होती. ही दुसरीच निघाली. फोनच्या टपरीबाहेर उन्हात बराच वेळ उभा राहिलो. मी आखातात काय जेवतो याची चौकशी करणारं एक माणूस होतं, ते मी एका दोरीला लटकावलं होतं.

चाचांनी मला जेवणघरात गाठलं. ताटातलं तसंच होतं.

"काय रे, लुंगी उजेड दिवक लागली काय?"

मी सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. "देवगडात खंय ऱ्हवतत ती लोकां?" एवढंच विचारलं आणि पत्ता कागदावर लिहून घेतला. त्यांची सुट्टी पुढच्याच आठवड्यात होती. दोन वर्षांनी घरी निघाले होते.

"चाचा, तुमका आडवाट पडतली."

"खंयची आडवाट? वाटेरच तर आसा. तळेऱ्याक उतरलंय, देवगडची गाडी धरलंय, झालां."

आता ज्यांना आमच्याकडचा रस्ता माहीत आहे त्यांना कळेल. मुंबईकडून येताना खारेपाटण आधी लागतं. तळेरं त्याच्या पुढे. म्हणजे दोन वर्षांनी घरी आलेला माणूस, बायकापोरं वाट बघत असताना, आपल्या गावचा थांबा खिडकीतून बघत पुढे गेला. हातात बॅगा, खिशात माझ्या सासऱ्याचा पत्ता. त्यांनी मला हे कधी सांगितलं नाही. मला ते चाचींनी सांगितलं, पुष्कळ दिवसांनी, आणि तेही मला ऐकवायला.

चाचांशी ठरल्याप्रमाणे शुक्रवारी दुपारी मी शुभांगीच्या घराजवळच्या फोनबूथवर फोन लावला. पलीकडे चाचाच होते.

"सदो, मी जेवलंय."

"काय जेवलात?"

"तुझी सुरमय. फणसावरची. दोन तुकडे. तिसरो मागलंय, पण देवक भितत."

"चाचा, तुमका काय झालां तर?"

"झालांच तर मीठ कमी आसा म्हणान होतलां. हे घे, मामांशी बोल."

होणारे सासरे फोनवर आले. माझ्याशी ते नेहमी पुस्तकातल्या मराठीत आणि 'तुम्ही' करून बोलायचे, जसे तालुक्याच्या कचेरीत बोलतात.

"सदानंद, आपली प्रकृती ठीक आहे ना?"

"ठीक आहे, मामा."

"तो मासा आपण किती दिवस सुकवलात?"

"तीन."

"सकाळी किती वाजता घालत होता?"

"सहाला. ड्युटीच्या आधी. दुपारी जाऊन उलटवत होतो."

"आणि रात्री बाहेरच ठेवत होता काय?" त्यांच्या आवाजाला आता धार आली होती.

"रात्री कशाला, मामा?" मला जरा अपमानच वाटला. "पाचाक सुटलंय की काढून खोलीत. हयसर दंव मरणाचां पडता. दंवात मासो ऱ्हवलो तर कुजता."

"हां." मग ते फोनपासून बाजूला वळले, पण आवाज येत होता. "चाचा, तुमचां तां यंत्र भायर कधी काढतत?"

"साडेपाचाक," चाचांचा आवाज. "पाचाक यार्ड रिकामां होता, मगे मी चावी देतंय. दिवसा तां माझ्या स्टोअरात कुलपात. शिशाच्या पेटयेत."

 माझ्या फोनकार्डावरची मिनिटं जात होती. मलाही काहीतरी कळायला लागलं होतं, पण मला कळायला नेहमीच वेळ लागतो.

"सदो." 'सदानंद' संपले होते. "मासो आत गेल्यार यंत्र भायर येता. यंत्र आत गेल्यार मासो भायर येता. तुझ्या माशान तां यंत्र कधी बघूकच नाय."

"होय, मामा."

"आणि तू कधी सुटतंस?"

"पाचाक."

"मगे तू कोणाक भितंस?"

 मासा पाचला काढायचा हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. यंत्र संध्याकाळी चालतं हे साहेबानं त्याच सभेत सांगितलेलं. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या, फक्त त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. तेवढ्यात मागून चाचा म्हणत होते, "माका काय म्हायत, हो सांजेक मासो आत घेता? आमी मासे इकत घेणारी माणसां, सुकवणारी न्हय. हेणा माका तां सांगल्यानच नाय."

मला वाटलं, सुटलो. पण मामा थांबले नव्हते.

"आयक. तुझ्या किरणांसाठी मी लग्न थांबवक नाय. आजार काय, कोणाकय होता. पण झिला, माझ्या चेडवाच्या घोवाचां काय झालां, तां माका दुकानातल्या माणसांकडसून कळूचां? माका एक फोन केलंस असतो तर काय बिघडला असतां?"

"भ्यालंय मी, मामा."

"तां दिसलांच." ते थोडे नरमले. "आणि मांजरान खाल्ल्यान नाय तां बरोबरच केल्यान. मीठ कमी. चिरलेलोय वाकडो. होडयेवरच्या घरातलो ना रे तू? लग्न झाल्यार हय ये, दाखवतंय कसो चिरूचो तो."

'लग्न झाल्यार' हे दोन शब्द मी धरून ठेवले, विमानातल्या पट्ट्यासारखे. मग तिकडे काहीतरी हलल्याचा आवाज आला आणि फोनवर दुसराच आवाज आला, शुभांगीचा.

"केस कापल्यात असां आयकलंय. खरां?"

"होय," मी म्हटलं. चाचांनी सगळंच सांगितलेलं दिसत होतं.

"कोणी सांगल्यान म्हणान?"

"होय."

"आणि उद्या कोणी सांगल्यान, झाडार चढा, तर?"

"हयसर झाडां नाय."

पलीकडे ती हसली. मी हे विनोदानं म्हटलं नव्हतं, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. "मे महिन्यापर्यंत येतले मा केस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, येतले. ती म्हणाली, "मगे बरां. आणि जेवत ऱ्हवा," आणि कार्ड संपलं.

केस आले. सगळे नाही, पण फोटोपुरते आले. लग्नात चाचा पहिल्या रांगेत बसले होते, आणि मामा येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत होते, "ह्येंनी खाल्ल्यानी." थोरली मुलगी झाली तेव्हा मी यार्डातच होतो. शुभांगीनं फोनवर सांगितलं, की माझ्या आईनं बाळाला मांडीवर घेतलं, दार लावलं, खोलीतला दिवा घालवला आणि काळोखात थोडा वेळ नुसती बघत बसली. मग दिवा लावून म्हणाली, "नाय हां. बरां आसा चेडू."

मी अजून त्याच यार्डात आहे. चाचा नोकरी सोडून खारेपाटणात घरी असतात. त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्याची परतफेड मी एक दिवस करणार आहे, हे मी त्यांनाही सांगितलंय आणि चाचींनाही. कधीतरी चाचा अडचणीत येतील, आणि त्या दिवशी मी मुंबईहून निघालो की घरी न जाता थेट त्यांच्या दारात उतरणार. दर सुट्टीला मी जाऊन विचारतो, "चाचा, काय अडचण?" ते म्हणतात, "काय एक नाय." तब्येत? "बरी." झोप? "लागता." पोरांचं? "बरां चल्लां." पाच वर्षं झाली, या माणसाला एक काळजी म्हणून नाही. पाच वर्षं माणसाला कसलीच काळजी नसणं हे मला काही साधं वाटत नाही. या सुट्टीत मी त्यांना एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जाणार आहे.